कंपनीतून ब्रेक मिळाला, म्हणजे काम सुटलं, म्हणून सगळं सोडून सरकारी भरतीच्या मागे लागावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय 27, डिप्लोमा मेकॅनिकल, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काम केलं, ऑर्डरी कमी झाल्या तसा निम्म्या पोरांना ब्रेक दिला त्यात तू पण आलास, घरी चांदवड तालुक्यात कांद्याची शेती, जवळ दोन लाख साठलेले, आणि रूमवरचे मित्र म्हणतायत चल पुण्याला, एमपीएससी करू, मंदीत सरकारी नोकरीच खरी. तर जाऊ का नको.

मी आधी सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेला होतो, म्हणजे रिक्त पदं, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला याचा तक्ता), भरतीच्या फायली हेच काम, आणि आता बरीच वर्षं नाशिकरोडला मुलांना सरळसेवा (खात्यांची थेट भरती) आणि आयोगाच्या म्हणजे एमपीएससीच्या परीक्षांचं मार्गदर्शन करतोय. दोन्ही बाजूंनी बघितलंय म्हणून सरळच सांगतो. तयारी जरूर कर. पण पुण्याला आत्ता जाऊ नको, काम पूर्ण बंद करून तर अजिबात बसू नको, आणि तुझे मित्र जी परीक्षा म्हणतायत ती बहुतेक तुझी परीक्षाच नाहीये, ते खाली सांगतो.

आधी मंदीचं समजून घे, कारण इथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो. लोकांना वाटतं कंपन्या बंद पडतायत म्हणजे सरकारकडे तरी जागा आहेत. जागा रिकाम्या असतात, ते खरंय. पण रिकामी जागा आणि जाहिरात यांच्यामधे फार मोठा रस्ता असतो. एखाद्या खात्यात माणूस रिटायर झाला की ती जागा आपोआप भरतीला येत नाही, आधी त्या खात्याचा आकृतिबंध मंजूर पाहिजे, म्हणजे किती पदं ठेवायची ते शासनाने ठरवलेलं पाहिजे, मग बिंदुनामावली म्हणजे रोस्टर तयार करून विभागीय आयुक्त ऑफिसच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावं लागतं, त्यात एखादा बिंदू चुकला की फाईल परत, मग किती टक्के पदं भरायला परवानगी आहे ते वित्त विभाग सांगतो, मग मागणीपत्र आयोगाकडे किंवा निवड समितीकडे जातं, आणि मग जाहिरात. यातला प्रत्येक टप्पा महिनोन्महिने खातो. आणि मंदीत काय होतं तर सरकारचं उत्पन्न पण घटतं, जीएसटी कमी येतो, मुद्रांक शुल्क कमी येतं, पगार पेन्शन आणि व्याज मात्र तेवढंच द्यावं लागतं, आणि आपल्या राज्याच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा त्यातच जातो. मग वित्त विभागाचा हात पहिला कुठे पडतो तर नवीन भरतीवर.

हे मी अंदाजाने सांगत नाहीये. 4 मे 2020 चा शासन निर्णय आठव, लॉकडाऊन होता, त्यात विकासकामांना फक्त 33 टक्के निधी आणि आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून बाकी सगळ्या खात्यांची नवीन भरती बंद. म्हणजे ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त पोरं नोकऱ्या जाऊन गावाकडे परत आली त्याच महिन्यांत भरतीचं दार लागलं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एप्रिल 2020 मधे होती ती ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली, आणि ती सुद्धा मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली म्हणून झाली. आरोग्य विभागाची परीक्षा तेवढी चालू होती तर ऑक्टोबर 2021 मधे तिचे पेपर फुटले. मग 2022 च्या ऑगस्टमधे 75 हजार पदांची घोषणा, 2023 मधे जाहिराती आणि परीक्षा, आणि बऱ्याच जणांच्या हातात ऑर्डर पडायला 2024 उजाडलं. म्हणजे 2020 ला काम सोडून जो बसला तो चार वर्षं बसला, आणि ज्याने काम धरून ठेवून 2022 पासून जोर लावला तो पण त्याच 2023 च्या परीक्षेला त्याच्याच शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला.

त्याच्या आधीचं पण बघ. 2019 मधे गाड्यांची विक्री पडली होती, सातपूर अंबडमधे ब्लॉक क्लोजर चालू होते, म्हणजे कंपन्या मधेच काही दिवस काम बंद ठेवायच्या, कॉन्ट्रॅक्टची पोरं पहिली गेली. त्याच वर्षी मार्चमधे जिल्हा परिषदेची भरती निघालेली, पोरांनी पाच पाच जिल्ह्यांत फॉर्म भरले, पैसे भरले. ती परीक्षा झालीच नाही. महापरीक्षा पोर्टल बंद पडलं, मग कोरोना, मग प्रक्रियाच रद्द, फी परत, आणि 2023 मधे 19,460 जागांची नवीन जाहिरात. मधल्या चार वर्षांत किती जणांची वयं निघून गेली. सरकारने 2023 मधे दोन वर्षांची वयाची सूट दिली तेव्हा थोड्यांना संधी मिळाली, सगळ्यांना नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मंदीत गर्दी आधी येते आणि जाहिरात मागाहून येते, आणि हा मधला काळ ज्याला तग धरता येतो तोच परीक्षेच्या दिवशी शाबूत असतो. तुझ्या वडिलांना विचार, चाळीत कांदा भरून भावाची वाट बघताना रोजच्या खर्चाला दुसरे पैसे असतील तरच तो कांदा टिकवता येतो, नाहीतर सडायच्या आधी पडेल त्या भावात काढावा लागतो. तयारीचं तसंच आहे. दोन लाख संपले की पोरगं मिळेल तो फॉर्म भरायला लागतं, कधी ग्रामसेवक कधी वनरक्षक कधी पोलीस, आणि कुठलीच तयारी धड होत नाही.

आता परीक्षेचं. तू डिप्लोमा म्हणतोस, डिग्रीचं काहीच लिहिलेलं नाहीस. राज्यसेवेला पदवी लागते. पीएसआय (फौजदार), एसटीआय (राज्यकर निरीक्षक), एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) या कम्बाईन म्हणजे संयुक्त परीक्षेच्या पदांना पदवी लागते. तलाठ्याला पदवी लागते. डिप्लोमा म्हणजे पदविका, ती पदवीच्या जागी चालत नाही. दर वर्षी माझ्याकडे अशी दोन चार तरी मुलं येतात की क्लासची पन्नास साठ हजार फी भरून झालेली असते आणि पात्रताच नसते, क्लासवाल्याने विचारलेलंच नसतं कारण त्याला फीशी मतलब. याचा मला फार राग येतो, कारण ते पैसे आईबापाने कुठून आणलेले असतात ते मला माहीत असतं. आणि राज्यसेवा आता 2025 पासून वर्णनात्मक झालीये, मुख्य परीक्षा 1750 गुणांची लेखी आणि 275 मुलाखत, म्हणजे नुसते प्रश्नसंच सोडवून भागणार नाही, लिहिण्याचा सराव लागतो, शून्यातून सुरू करणाऱ्याला दोन तीन वर्षं सहज जातात. तुझ्या परिस्थितीत तो रस्ता आज धरू नको.

पण डिप्लोमामुळे तुझ्यासाठी जे दरवाजे उघडे आहेत ते तुझ्या बीए झालेल्या मित्रांना बंद आहेत, हे तुझ्या लक्षात आलेलंच नाहीये. आयोगाच्या गट-क मधे उद्योग निरीक्षक म्हणून पद असतं, त्याला सिव्हिल सोडून बाकी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा सायन्सची डिग्री चालते. सहायक मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे आरटीओतला इन्स्पेक्टर, त्याला तर मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईल डिप्लोमाच मागतात, सोबत गिअरच्या मोटरसायकलचं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स, ते नसेल तर आजच काढायला टाक, अर्जाच्या शेवटच्या तारखेला लायसन्स नाही म्हणून बाद झालेली हुशार पोरं बघितलीयेत. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर आणि असिस्टंट लोको पायलट, दोन्हीला मेकॅनिकल डिप्लोमा चालतो. लोको पायलटच्या 2024 च्या जाहिरातीत आधी 5,696 जागा होत्या, नंतर त्या 18,799 केल्या, असं क्वचित होतं पण होतं. फक्त तिथे डोळ्यांची अट फार कडक आहे, चष्मा असेल तर तो विषय सोडून दे, उगाच वर्ष घालवू नको. एसएससीची ज्युनिअर इंजिनिअर आहे, केंद्राची. आयटीआयमधे शिल्प निदेशक म्हणून भरती निघते, तिथे कारखान्यातला अनुभव कामाला येतो आणि सीआयटीएस म्हणजे निदेशकाचा कोर्स केलेला असला तर बाजू अजून भक्कम. ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात डिप्लोमावाल्यांना मुदतीच्या करारावर घेतात, ती कायमची नोकरी नाही पण पगार आणि अनुभव दोन्ही चांगले, जाहिरात आली तर सोडू नको.

यातल्या तांत्रिक पदांचे पेपर बघ. थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाईन, प्रॉडक्शन, फ्लुइड, हे तू शिकलेला आहेस आणि चार वर्षं शॉप फ्लोअरवर हाताने केलेलं आहेस. बाकीच्यांना तीन वर्षं लागतात ते तुझ्याकडे अर्धं तयार आहे. उरलं गणित, बुद्धिमत्ता, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, ते रोज तीन तास दिले तर वर्षभरात बसतं. गणिताला मात्र क्लासपेक्षा सराव मोठा, शेकडा, काळ काम वेग, व्याज, हे रोज हात चालला पाहिजे नाहीतर ऑनलाईन परीक्षेत वेळ पुरत नाही.

गर्दीच्या आकड्यांना किती घाबरायचं ते पण सांगतो. तलाठी भरती 2023 ला 4,644 जागांना दहा लाखांच्या वर अर्ज आले, पेपरात मोठ्या अक्षरात आलं, पोरांचे धाबे दणाणले. त्यातले दीड लाखांहून जास्त परीक्षेला बसलेच नाहीत. पोलीस भरती 2024 ला 17,471 जागांना साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज, पण एकच पोरगं शिपाई, चालक, एसआरपीएफ, कारागृह असे वेगवेगळे अर्ज भरतं, म्हणजे अर्ज जास्त आणि माणसं कमी. मंदीत हे अजून फुगतं कारण रिकामं बसलेला प्रत्येक जण फॉर्म भरून ठेवतो. खरी लढत असते तुझा प्रवर्ग, तुझा जिल्हा, तुझं पद, त्यातल्या तयारी केलेल्या मुलांशी. पण म्हणून गर्दीचा काहीच परिणाम होत नाही असं समजू नको, होतो, आणि तो कटऑफवर होतो. मंदीत कंपनीतले बीई झालेले, आयटीतून बाहेर पडलेले, गणित इंग्रजी पक्कं असलेले लोक सरळसेवेत उतरतात आणि वरचे मार्क वर सरकतात. त्यात अनेक शिफ्टमधे परीक्षा म्हणजे नॉर्मलायझेशन, सोप्या अवघड पेपरांचे मार्क एका पातळीवर आणायचं गणित, तलाठ्याच्या निकालात 200 पैकी 214 मार्क दिसले तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. ती पद्धत तुझ्या हातात नाही, तिच्यावर रोज चर्चा करत अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर बसण्यात काही अर्थ नाही. ज्या पदाला पात्रताच वेगळी मागतात तिथे ही गर्दी मुळातच कमी असते, म्हणून तर तुला तांत्रिक पदांकडे ढकलतोय.

पोलीस भरतीचा विचार मनात असेल तर लवकर ठरव. खुल्या प्रवर्गाला 28 आणि मागास प्रवर्गाला 33 ची मर्यादा आहे, तू 27 चा आहेस. शारीरिक 50 मार्कांची आणि लेखी 100 ची, 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. बारावी न करता दहावीवरून डिप्लोमा केला असशील तर समकक्षतेचं आधी जाहिरातीत नीट वाच. गोल्फ क्लबवर नाहीतर आडगावला पहाटे जाऊन बघ, तिथली पोरं दोन दोन वर्षं रोज पळतायत, चार वर्षं मशीनवर उभं राहून एकदम त्यांच्याबरोबर पळायला गेलास तर गुडघे जातील, हळूहळू वाढव.

आता पुणे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, मेस, अभ्यासिका, प्रिंट, टेस्ट सिरीज, फॉर्मच्या फिया, कितीही काटकसर केली तरी महिन्याला दहा बारा हजारांच्या खाली बसत नाही, त्यात क्लासची फी एकरकमी. म्हणजे दोन लाखांत धड वर्षभर, आणि वर बघितलंस की एक भरती पूर्ण व्हायला कितीही काळ लागू शकतो. तलाठी, जिल्हा परिषदेचा एकेक फॉर्मच खुल्या प्रवर्गाला हजार रुपये आणि मागास प्रवर्गाला नऊशे होता 2023 मधे. राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत गेलेल्याला पुण्याचा उपयोग होतो, तिथे ग्रुप मिळतो, लिहून तपासून घ्यायला माणसं मिळतात. तांत्रिक सरळसेवेला नाशिक पुरेसं आहे. सार्वजनिक वाचनालय आहे, कॉलेज रोड गंगापूर रोडला अभ्यासिका आहेत, बहुतेक प्रभागांत पण झाल्यात, आणि रविवारी चांदवडला घरी जाऊन येता येतं.

कामाचं काय तर मोठी कंपनी नाही तर छोटी बघ. सिन्नरला मुसळगाव, माळेगाव, इकडे गोंदे, जनरल शिफ्टचं काम मिळत असेल तर पगार दोन हजार कमी असला तरी घे, रोटेशन शिफ्टमधे अभ्यास होत नाही, नाईट करून आलेला माणूस पुस्तक घेऊन झोपतोच. व्हीएमसी सीएनसी मशीनचं सेटिंग प्रोग्रॅमिंग येत असेल तर ते सुटू देऊ नको, मंदी उठली की पहिली मागणी सेटरला असते. तीन वर्षं हुन्नर सोडून बसलेल्याला परत घेताना फ्रेशरचा पगार लावतात, हे मी इतक्या पोरांच्या बाबतीत बघितलंय की आता पालकांना पहिल्याच दिवशी सांगतो. कामच मिळत नसेल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत डिप्लोमावाल्याला महिन्याला आठ हजार मिळतात, ठराविक महिन्यांचंच असतं ते आणि त्यातून कायम व्हायची आशा ठेवू नको, पण खोलीभाडं निघतं. कंत्राटी सरकारी कामाबद्दल पण तेच. सप्टेंबर 2023 मधे एजन्सीमार्फत भरतीचा जीआर निघाला, मुलांनी एवढा विरोध केला की ऑक्टोबरमधे रद्द करावा लागला, पण आउटसोर्सिंग काही थांबलेलं नाही, बऱ्याच ऑफिसात ऑपरेटर आणि शिपाई एजन्सीचेच असतात. तसलं काम अनुभव म्हणून कर, आत शिरलो म्हणजे परमनंट होऊ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नको.

महापालिकेत लागेल असं पण बरेच जण म्हणतात, वॉर्डातले कार्यकर्ते तर हमखास. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत पाहिजे ही अट आहे आणि नाशिक मनपाची भरती त्यात वर्षानुवर्षं अडकत आलीये, पदं कितीही रिकामी असली तरी. त्या भरवशावर काही ठरवू नको.

आणि हो, मंदीत एजंट फार वाढतात. अमुक साहेब ओळखीचे आहेत, आठ लाख दे, अर्धे आधी अर्धे ऑर्डर आल्यावर. यांची पद्धत एकदम साधी असते, वीस जणांकडून आधीचे पैसे घ्यायचे, काहीच करायचं नाही, त्यातली दोन पोरं स्वतःच्या मेरिटवर लागतात, त्यांचे पैसे ठेवायचे आणि बाकीच्यांना पुढच्या भरतीत बघू म्हणून फिरवायचं. 2024 च्या केंद्राच्या कायद्यात पेपरफुटीच्या संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि किमान एक कोटी दंड आहे. वडिलांना हे नीट समजावून सांग, कारण एजंट पोराकडे येत नाही, बापाकडे जातो, तेही कांद्याची पट्टी हातात आल्याच्या आठवड्यात.

वडिलांना अजून एक सांग. सरकारी नोकरी म्हणजे म्हातारपणी पेन्शन हे त्यांच्या डोक्यात असणार, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट नाही. नोकरी तरी चांगलीच आहे, पगार वेळेवर होतो, घरच्यांना आधार होतो, मुलगी द्यायला लोक तयार होतात, यातलं काही मी नाकारत नाही. पण लागली नाही तर काय हे आजच घरात बोलून ठेव. माझ्याकडे पस्तिशीची मुलं येतात, खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासला 43 पर्यंत फॉर्म भरता येतो म्हणून येत राहतात, घरी कोणी विचारत नाही आणि ते पण कोणाला सांगत नाहीत, लग्नकार्याला जाणं बंद झालेलं असतं. बुद्धीला काहीच कमी नसते त्यांच्या. थांबायची तारीख कधी ठरवलीच नाही एवढंच. तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर वय 30 पर्यंत कामासोबत तयारी आणि जाहिरात लागून परीक्षेची तारीख आली की शेवटचे तीन चार महिने पूर्ण वेळ, तेवढ्यासाठी ते दोन लाख जपून ठेव, आत्ता हात लावू नको.

निवड झाली तरी ऑर्डर लगेच मिळते असं नाही, सुरगाणा, पेठ, कळवण भागातली पेसाची (आदिवासी क्षेत्रातल्या राखीव जागांची) मुलं निवड होऊन कोर्टाच्या निकालाची वाट बघत राहिली, 2024 मधे इथे आदिवासी विकास भवनासमोर आंदोलन करावं लागलं. म्हणून ऑर्डर हातात पडेपर्यंत काम सोडायचं नाही.

तर आत्ता करायचं काय. जुन्या कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून अनुभवाचा दाखला घे, पदाचं नाव आणि तारखा पीएफच्या नोंदीशी जुळतायत ना ते बघ, कॉन्ट्रॅक्टर बदलला की नंतर कोणी सही करत नाही. नॉन क्रिमीलेअर किंवा जो लागू असेल तो दाखला, अधिवास, जात पडताळणी, एमएससीआयटी, हे सगळं जाहिरात नसताना काढायचं असतं, जाहिरात आली की सेतूवर रांग लागते. घरातली जमीन कुठल्या धरणात किंवा रस्त्यात गेलीये का ते आजोबांना विचार, प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण आहे आणि आपल्या जिल्ह्यात धरणं काही कमी नाहीत, घरात दाखला असून पोराला माहीत नाही असं बघितलंय मी. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, काम करता करता बीए किंवा बीकॉम सुरू कर, तीन वर्षांनी तलाठी आणि कम्बाईनचे दरवाजे पण उघडतील. डिप्लोमावर प्रवेश कसा मिळतो ते तिथेच जाऊन विचार, आणि प्रवेशाच्या तारखा निघून जातात म्हणून याच आठवड्यात जा.